बँडची गरजच उरली नाही तेव्हा: 'एअरप्ले'चं प्रकरण

१९७९च्या सप्टेंबरमध्ये 'बिलबोर्ड'च्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत अर्थ, विंड अँड फायर या बँडचं 'आफ्टर द लव्ह हॅज गॉन' दुसऱ्या क्रमांकावर पोचलं आणि तिथंच अडलं. वर द नॅक या रॉक बँडचं 'माय शरोना' ठाण मांडून बसलं होतं. अडलेलं हे गाणं तिघांनी मिळून लिहिलं होतं: डेव्हिड फॉस्टर, जे ग्रेडन आणि बिल चॅम्प्लिन. पुढच्या वर्षी त्याला सर्वोत्तम आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) गाण्याचं ग्रॅमी मिळालं. याच सुमारास फॉस्टर आणि ग्रेडन यांनी स्वतःचा बँड काढला आणि आरसीए कंपनीसाठी एक अल्बम केला. १९८० साली तो बाजारात आला. दुसरा अल्बम कधीच निघाला नाही. बँडचं नाव होतं एअरप्ले.

एका अल्बमनंतर विरलेले बँड शेकड्यांनी सापडतात. कुणाकडे गाणी नसतात, कुणाकडे पैसे, कुणाकडे वाजवणारा धड माणूस. एअरप्लेकडे यातलं सगळं होतं, तेही त्या काळी अमेरिकेत मिळू शकेल त्या सर्वोत्तम दर्जाचं. म्हणून या प्रकरणाचा नीट शोध घ्यावासा वाटतो. नुसतं 'चाललं नाही' म्हणून ते मिटवता येत नाही. हा अल्बम मला मनापासून आवडतो आणि तो वाया गेला असंही मी मानत नाही. पण बँड का टिकला नाही, याचं जे उत्तर नेहमी दिलं जातं ते मला अपुरं वाटतं.

माणसं आणि त्यांचा पेशा

१९७०च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये स्टुडिओत वाजवणं हा पूर्णवेळ आणि भरपूर कमाईचा पेशा होता. वादकांच्या युनियनने एका सेशनची, म्हणजे रेकॉर्डिंगच्या एका बैठकीची, वेळ तीन तास ठरवलेली होती, दरही ठरलेले होते आणि नावाजलेला वादक त्याच्या दुप्पट-तिप्पट घेई. सकाळी जाहिरात, दुपारी एखाद्या गायिकेचा अल्बम, रात्री सिनेमाचं पार्श्वसंगीत असा दिवस असायचा. समोर नोटेशन ठेवलं की दोन-तीन टेकमध्ये काम चोख व्हायला हवं, कारण स्टुडिओचं भाडं तासावर चालू असतं. मुंबईच्या फिल्मी रेकॉर्डिंगची ज्यांना माहिती आहे त्यांना हे जग परकं वाटणार नाही. फरक एकच, पण मोठा. आपल्याकडे व्हायोलिन, ट्रंपेट, सॅक्सोफोन वाजवणाऱ्या कितीतरी गोवेकर वादकांची नावं तबकडीवर कधी आलीच नाहीत. लॉस एंजेलिसमध्ये सत्तरच्या दशकात अल्बमच्या वेष्टनावर प्रत्येक गाण्याखाली वादकांची नावं छापली जाऊ लागली होती. हा तपशील पुढे कामाला येणार आहे.

फॉस्टर मूळचा कॅनडाचा, ब्रिटिश कोलंबियातल्या व्हिक्टोरिया गावचा. स्कायलार्क नावाच्या बँडबरोबर तो लॉस एंजेलिसला आला. १९७३ साली त्यांचं 'वाइल्डफ्लॉवर' अमेरिकेत पहिल्या दहांत गेलं, पुढे तो बँड मोडला. फॉस्टर मात्र तिथंच राहिला आणि पियानोवादक म्हणून सेशन करू लागला. जॉर्ज हॅरिसनच्या रेकॉर्डिंगमध्ये एकत्र आलेल्या वादकांनी अ‍ॅटिट्यूड्स नावाचा बँड काढला, त्यातही तो होता. ड्रमवर जिम केल्टनर, गिटारवर डॅनी कॉर्चमार, बेसवर पॉल स्टॉलवर्थ आणि कीबोर्डवर फॉस्टर. हॅरिसनच्याच डार्क हॉर्स कंपनीने त्यांचे दोन अल्बम काढले आणि १९७७ नंतर तोही संपला. म्हणजे स्टुडिओ वादकांचा बँड कसा विरतो, याचा अनुभव फॉस्टरने एअरप्लेच्या आधीच घेतलेला होता.

ग्रेडन कॅलिफोर्नियातलाच, बरबँकचा. त्याचं वाजवणं तुम्ही नाव माहीत नसताना ऐकलेलं असण्याची बरीच शक्यता आहे. स्टीली डॅनच्या १९७७च्या 'एजा' अल्बममध्ये 'पेग' नावाचं गाणं आहे. त्यातल्या गिटार सोलोसाठी वॉल्टर बेकर आणि डोनाल्ड फेगन या स्टीली डॅनच्या जोडीने एकामागून एक नामांकित गिटारवादक बोलावले आणि सगळ्यांचे सोलो नापास केले. शेवटी ग्रेडन आला आणि त्याचा सोलो राहिला. तार ओढून स्वर वर नेण्याची त्याची रीत आणि ब्लूज वाजवताना मध्येच जॅझच्या अंगाने वळण्याची खोड त्या थोड्याशा वेळात पुरेपूर दिसते. त्याची दुसरी खासियत म्हणजे एकाच सुरावटीचे अनेक ट्रॅक, वेगवेगळ्या स्वरांतरांवर, एकावर एक चढवणं. ऐकताना गिटारींचा कोरस गातोय असं वाटतं. एअरप्लेच्या अल्बमवर हा गिटारींचा कोरस जागोजागी आहे.

दोघांना गळा हवा होता. ग्रेडन स्वतः थोडंफार गात असे, पण मुख्य गायक म्हणून त्यांनी टॉमी फंडरबर्कला घेतलं. उंच, स्वच्छ, सहज वर जाणारा आवाज. कागदावर बँड या तिघांचा. प्रत्यक्ष स्टुडिओत जे जमले ती यादी वाचून आजही थक्क व्हायला होतं: ड्रमवर जेफ पोर्कारो आणि माइक बेअर्ड, बेसवर डेव्हिड हंगेट, गिटारवर ग्रेडनच्या जोडीला स्टीव्ह लुकाथर आणि रे पार्कर ज्युनिअर (चारच वर्षांनी 'घोस्टबस्टर्स' गाणारा तोच). मागच्या आवाजांत बिल चॅम्प्लिन आणि टॉम केली. हा केली पुढे मॅडोनाच्या 'लाइक अ व्हर्जिन'चा सहलेखक झाला. ब्रास विभागात (ट्रंपेट-ट्रॉम्बोनसारखी वाद्यं) जेरी हे नावाचा वादक, ज्याने त्याच सुमारास मायकल जॅक्सनच्या 'ऑफ द वॉल'साठी ब्रासची मांडणी केली होती.

अल्बममध्ये नेमकं काय आहे

दहा गाणी. 'स्ट्रँडेड'पासून सुरुवात, 'आफ्टर द लव्ह इज गॉन'ने शेवट. हो, तेच गाणं, शीर्षकात एका शब्दाच्या फरकाने.

या गाण्यापाशी जरा थांबतो, कारण सगळ्या प्रकरणाची किल्ली त्यात आहे. एका पट्टीत शांतपणे सुरू होणारं हे गाणं ध्रुवपदाला वेगळ्याच पट्टीत उघडतं आणि शेवटाकडे तेच ध्रुवपद वर वर चढत जातं. पॉप गाण्यात पट्टी बदलणं नवीन नाही, शेवटी अर्धा-एक स्वर वर नेऊन उत्साह आणण्याची युक्ती सर्रास वापरली जाते. इथं बदल त्यासाठी नाहीत. शब्दांतला माणूस विचारतोय की सगळं ठीक चाललं होतं, मग प्रेम गेलं कुठं? आणि त्याच्या पायाखालचा सूर खरोखरच सरकत राहतो. ऐकणाऱ्याला पट्टीचं गणित कळण्याची गरज नाही, अस्वस्थपणा पोचतो. फॉस्टरच्या पियानोतली ही करामत मला त्याच्या पुढच्या सगळ्या प्रचंड खपलेल्या गाण्यांपेक्षा मोठी वाटते.

मुळात हे गाणं चॅम्प्लिनच्या स्वतःच्या अल्बमसाठी ठरलं होतं. अर्थ, विंड अँड फायरच्या मॉरिस व्हाइटने ते ऐकलं, त्याला आपल्या बँडसाठी हवं झालं आणि चॅम्प्लिनने सोडून दिलं. म्हणून १९८० साली एअरप्लेने ते आपल्या अल्बमवर घेतलं तेव्हा जगाने आधीच व्हाइटच्या आवाजात आणि डॉन मायरिकच्या सॅक्सोफोनसकट ते ऐकलेलं होतं. ज्यांनी लिहिलं त्यांनाच दुसऱ्याच्या गाण्याची नक्कल केल्यासारखं उभं राहावं लागलं.

'नथिंग यू कॅन डू अबाउट इट'चंही तेच. फॉस्टर, ग्रेडन आणि स्टीव्ह किपनर यांचं हे गाणं मॅनहॅटन ट्रान्स्फरने १९७९च्या 'एक्स्टेन्शन्स' अल्बमवर गायलं आणि त्या अल्बमचा निर्माता होता खुद्द ग्रेडन. एअरप्लेचा अवतार मला जास्त आवडतो. मॅनहॅटन ट्रान्स्फरचे चार आवाज गाणं देखणं करतात, पण एअरप्लेच्या ट्रॅकमध्ये ब्रास आणि गिटार एकमेकांना जी उत्तरं देतात ती गाण्याला पुढे ढकलतात. तरी बाजाराच्या दृष्टीने बघा: दहा गाण्यांतली दोन सर्वोत्तम गाणी बँड जन्मण्याआधीच दुसऱ्यांच्या नावावर जाऊन बसलेली.

उरलेल्या गाण्यांत 'शुड वी कॅरी ऑन' ही संथ रचना आणि 'शी वेट्स फॉर मी' मला वरच्या दर्जाची वाटतात. 'स्वीट बॉडी'सारख्या गाण्यांत मात्र शब्द फिके आहेत. वादक लिहायला बसले की बऱ्याचदा होतं तसं: स्वरांवर महिनाभर मेहनत आणि शब्द जागा भरण्यापुरते. अल्बमचा हा दोष मान्य करायला हवा.

नेहमीचं उत्तर

एअरप्ले का चालला नाही, यावर सहसा दोन गोष्टी सांगितल्या जातात. एक, काळ बदलत होता. दोन, हे लोक सेशनमध्ये इतके गुंतले होते की बँडला वेळच नव्हता.

पहिल्यात तथ्य आहे. १९७९ साली अमेरिकेतला रेकॉर्डचा धंदा मंदीत गेला. द नॅकचा पहिला अल्बम थोड्या दिवसांत, कमी खर्चात रेकॉर्ड झालेला होता आणि कानाला तो तसाच, ताजा आणि खरखरीत लागायचा. त्याच्याशेजारी एअरप्लेचं घोटून घोटून केलेलं काम अनेकांना गुळगुळीत वाटलं असेल. पण नुसत्या काळाला दोष देता येत नाही, कारण याच घोटीव आवाजाने पुढची पाच वर्षं अमेरिकेचा रेडिओ व्यापून टाकला. काळ विरोधात असता तर ते झालं नसतं.

दुसरं उत्तर टोटो या बँडसमोर कोसळतं. एअरप्लेच्या अल्बमवर वाजवणारे जेफ पोर्कारो, लुकाथर, हंगेट हे सगळे टोटोचे. सिंथेसायझरवर मदतीला असलेला स्टीव्ह पोर्कारोही टोटोचाच. हेही स्टुडिओ वादक, यांनाही रोज काम, किंबहुना फॉस्टर-ग्रेडनपेक्षा जास्त सेशन. तरी १९७८च्या पहिल्या अल्बममधलं 'होल्ड द लाइन' पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं. पुढचे दोन अल्बम, 'हायड्रा' आणि 'टर्न बॅक', त्या मानाने पडले. एखाद्याने तिथं दुकान बंद केलं असतं. टोटोने केलं नाही. १९८२ साली 'टोटो ४' आला, 'रोझॅना' आणि 'आफ्रिका' आली आणि १९८३च्या फेब्रुवारीत त्या अल्बमने सहा ग्रॅमी नेली. वेळ नसणं हे कारण असतं तर टोटो आधी संपायला हवा होता.

मग फरक कशात? टोटोतली बरीचशी मंडळी ग्रँट हायस्कूलमधली, शाळेपासूनची. त्यांच्यासाठी बँड हे घरचं काम आणि सेशन ही नोकरी. महत्त्वाचं म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या मर्जीने वाजवल्यावर स्वतःच्या मर्जीने वाजवण्याची त्यांच्याकडे तेवढी एकच जागा होती. पडले तरी ती सोडणं परवडणारं नव्हतं.

निर्माता झाल्यावर

फॉस्टर आणि ग्रेडन १९८० साली वादक राहिलेच नव्हते, ते निर्माते झाले होते. माझ्या मते सगळं प्रकरण इथं येऊन उलगडतं.

वादक दुसऱ्याच्या अल्बमवर तीन तास असतो. निर्माता पहिल्या दिवसापासून शेवटच्या मिक्सपर्यंत असतो. गाणी तो निवडतो, स्वतःची आणतो, वादक तो बोलावतो, कुठला ट्रॅक ठेवायचा आणि कुठला पुसायचा हेही तोच ठरवतो. खपावर त्याला हिस्सा मिळतो. स्वतःच्या डोक्यातला आवाज जगासमोर आणायला वादकाला बँड लागतो, निर्मात्याला लागत नाही. त्याला गायक हवा असतो आणि गायक तर दारात उभे होते. दौऱ्याची बस नको, मुलाखती नकोत, फंडरबर्क कोण हे लोकांना समजावून सांगण्याची कसरत नको.

१९८० पासून पुढे काय झालं ते बघा. ग्रेडनने अल जरो या गायकाचे 'धिस टाइम', 'ब्रेकिन अवे' आणि 'जरो' हे अल्बम लागोपाठ केले. १९८१ साली त्याने चॅम्प्लिन आणि लुकाथरबरोबर जॉर्ज बेन्सनसाठी 'टर्न युअर लव्ह अराउंड' लिहिलं आणि त्याला पुन्हा ग्रॅमी मिळालं. एअरप्लेच्या अल्बमवरचीच माणसं, तोच गिटारींचा थर, फक्त गळा बेन्सनचा. फॉस्टरने द ट्यूब्ज या उपहासाच्या अंगाने जाणाऱ्या रॉक बँडला हाताशी धरलं आणि मग शिकागो या बँडला.

शिकागोचं उदाहरण सगळ्यांत ठळक. ब्रास विभागावर उभा राहिलेला हा जुना बँड १९८० पर्यंत थकला होता. १९८१ मध्ये चॅम्प्लिन त्यात दाखल झाला आणि पुढच्या अल्बमसाठी निर्माता म्हणून फॉस्टर आला. 'शिकागो १६'वर टोटोचे वादक बोलावले गेले. १९८२ साली 'हार्ड टू से आय अ‍ॅम सॉरी' पहिल्या क्रमांकावर गेलं. १९८४चा 'शिकागो १७' अमेरिकेत ६० लाखांवर खपला. त्यातलं 'हार्ड हॅबिट टू ब्रेक' ज्या दोघांनी लिहिलं त्यातला एक स्टीव्ह किपनर, म्हणजे 'नथिंग यू कॅन डू अबाउट इट'वाला. सरकत्या पट्ट्या, दबा धरून वाट बघणारा पियानो, ध्रुवपदाला एकदम उघडणारे आवाज: सगळं एअरप्लेचं, पण पीटर सेटेराच्या ओळखीच्या गळ्यातून आलेलं. शिकागोच्या जुन्या चाहत्यांना याचा राग आला आणि तो मला रास्त वाटतो, कारण या आवाजाला जागा करून देताना त्यांचा लाडका ब्रास मागे सरला. एअरप्लेला जी जागा स्वतःच्या नावाने मिळाली नाही ती अशी दुसऱ्याच्या घरात मिळाली, आणि त्या घराला त्याची किंमत मोजावी लागली.

फॉस्टर-ग्रेडन यांच्यात फाटलं म्हणून बँड संपला, अशी शंका कुणाला आली तर १९८३चं 'मॉर्निन' ऐकावं. गायक अल जरो. लिहिणारे जरो, फॉस्टर आणि ग्रेडन. बँड गेल्यावरही जोडी एकत्र लिहीत होती. तुटायला तिथं काही नव्हतं, बँडची गरज तेवढी उरली नव्हती.

जपानची गोष्ट

अमेरिकेत हा अल्बम फारसा कुणाच्या लक्षात आला नाही. जपानमध्ये उलटं घडलं. तिथं तो 'रोमँटिक' या नावाने निघाला आणि त्या श्रोत्यांनी त्याला जवळजवळ पाठ्यपुस्तकाचा मान दिला. आधी म्हटलेली वेष्टनावरची नावं इथं कामाला आली. जपानी रसिक ती बारकाईने वाचत. ड्रमवर पोर्कारो आणि गिटारवर ग्रेडन दिसला की गायक अनोळखी असला तरी तबकडी घेत. जिथं वादकाच्या नावावर तबकडी विकत घेतली जाते तिथं ठळक चेहरा नसलेला बँडही उभा राहतो. जपानी लोकांना 'गुळगुळीत संगीत' आवडतं, असं याचं स्पष्टीकरण कुणी देतं तेव्हा मला ते अन्यायाचं वाटतं. ते इतरांपेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकत होते, एवढंच.

गायिका मारिया ताकेउची, जिचं १९८४चं 'प्लास्टिक लव्ह' अलीकडे इंटरनेटवर जगभरच्या तरुणांनी डोक्यावर घेतलं, तिच्या १९८०च्या 'मिस एम' अल्बमचा एक भाग लॉस एंजेलिसला जाऊन याच मंडळींबरोबर रेकॉर्ड झाला. त्या काळच्या जपानी शहरी पॉपमधले ब्रासचे तुकडे आणि दुहेरी-तिहेरी गिटारी ऐकल्या की एअरप्लेची आठवण येतेच. आपल्याकडचे जे तरुण आज हा 'सिटी पॉप' ऐकतात, ते नकळत या अल्बमचा पुढचा अध्याय ऐकत असतात.

नंतर

एअरप्लेचं नाव आणखी एकदा छापलं गेलं. १९८५च्या 'सेंट एल्मोज फायर' या चित्रपटाचं संगीत फॉस्टरकडे होतं आणि त्याच्या तबकडीवर 'स्ट्रेस्ड आउट' हे गाणं एअरप्लेच्या नावाने आहे. त्याच तबकडीवरचं जॉन पारचं शीर्षकगीत, फॉस्टरनेच सहलेखन आणि निर्मिती केलेलं, पहिल्या क्रमांकावर गेलं. स्वतःचा बँड आणि दुसऱ्याचा गळा एकाच तबकडीवर शेजारीशेजारी, आणि यश कुणाला मिळालं ते स्पष्ट आहे. १९९२ साली व्हिटनी ह्यूस्टनच्या 'आय विल ऑल्वेज लव्ह यू'ची निर्मिती केल्यावर तर फॉस्टरला बँडची आठवण व्हायचंही कारण राहिलं नाही.

ग्रेडनला राहिलं असावं. १९९३ साली त्याने स्वतःच्या अल्बमला 'एअरप्ले फॉर द प्लॅनेट' असं नाव दिलं, त्यावर 'आफ्टर द लव्ह हॅज गॉन' पुन्हा घेतलं आणि ते गायला चॅम्प्लिनला बोलावलं. त्यानंतर चॅम्प्लिन, जोसेफ विल्यम्स आणि इतर जुन्या सोबत्यांना घेऊन तो जपानला गेला आणि ज्या श्रोत्यांनी तेरा-चौदा वर्षं वेष्टनावरची नावं पाठ करून ठेवली होती त्यांच्यासमोर वाजवलं. त्या कार्यक्रमांचं ध्वनिमुद्रण निघालेलं आहे.

हा अल्बम पहिल्यांदा ऐकणाऱ्याने 'स्ट्रँडेड'पासून सुरुवात करू नये असं मी सांगेन. चौथ्या गाण्यापासून करावी, 'नथिंग यू कॅन डू अबाउट इट'पासून, तेही हेडफोन लावून. आधी फक्त जेफ पोर्कारोच्या घराण्यातल्या त्या नेमक्या, न घाई करणाऱ्या ड्रमकडे लक्ष द्यावं, दुसऱ्यांदा ब्रासकडे, तिसऱ्यांदा गिटारींच्या थरांकडे. मग 'शुड वी कॅरी ऑन'. दहावं गाणं सगळ्यांत शेवटी, आणि त्याच्या आधी अर्थ, विंड अँड फायरचं मुळीच लावू नये.